बे एरियात उन्हाळ्यात विंडसर्फिंग करायला येताय? कुठे उतरायचं, कुठे नाही – सविस्तर रिव्ह्यू

दर वर्षी मे संपत आला की मुंबई-पुण्याकडून कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच की मी जून-जुलैमध्ये मुलाकडे किंवा बहिणीकडे किंवा ऑफिसच्या कामाने सॅन फ्रान्सिस्कोला येतोय, विंडसर्फिंग येतं, गोल्डन गेटसमोर सेल मारायची फार इच्छा आहे, कुठे जाऊ? आणि ते अगदी बरोबर आहे कारण आपल्याकडे तेव्हा पाऊस, समुद्र बंद, मासेमारीलाही बंदी, मांडव्याच्या बोटी उभ्या, क्लबमधले बोर्ड सगळे शेडमध्ये, आणि नेमका त्याच महिन्यांत इथे वर्षातला सगळ्यात भरवशाचा वारा असतो. तर प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथे एकदाच नीट लिहितो. मी साउथ बेमध्ये (खाडीच्या दक्षिण भागात) राहतो आणि एप्रिल ते सप्टेंबर माझी संध्याकाळ बहुतेक पाण्यावरच जाते.

आधी उत्तर सांगून टाकतो. पहिल्या दिवशी गोल्डन गेटसमोर, म्हणजे क्रिसी फील्डला उतरू नका. पहिला दिवस कोयोटे पॉइंट. हात बसला, पाण्याचा थंडपणा कळला, मग क्रिसी, तेही भरतीच्या वेळेला. आणि एक अख्खा दिवस शर्मन आयलंडसाठी राखून ठेवा, तो चुकवू नका. का ते खाली लिहितोय, कारण इथे वारा कुठे किती आहे हा प्रश्न फार महत्त्वाचा नाहीचे, वारा सगळीकडे भरपूर आहे. महत्त्वाचा प्रश्न हा की मास्ट (सेलची काठी) तुटला किंवा वारा पडला तर तिथलं पाणी आणि तिथला वारा तुम्हाला कुठे नेऊन टाकणार. जागा मी त्यावरून निवडतो आणि हा रिव्ह्यूसुद्धा त्याच मापाने केलाय.

वारा येतो कुठून ते थोडक्यात. बाहेर पॅसिफिकवर उन्हाळाभर मोठा जास्त दाबाचा पट्टा बसलेला असतो, आणि आत सेंट्रल व्हॅलीत, सॅक्रामेंटो वगैरे भागात, ३५–४० अंशांनी जमीन तापून दाब उतरलेला असतो. मधे किनाऱ्याची डोंगररांग. त्यामुळे समुद्रावरची गार हवा जिथे डोंगराला खिंड मिळेल तिथून आत घुसते. सगळ्यात मोठी खिंड म्हणजे खुद्द गोल्डन गेट, तो प्रसिद्ध पूल ज्याच्यावर आहे ते खाडीचं तोंड, त्यातून क्रिसी आणि बर्कलीला वारा मिळतो, आणि दुसरी सॅन ब्रुनोची खिंड, जिच्यातून एअरपोर्ट, कोयोटे पॉइंट आणि फॉस्टर सिटीला मिळतो. आपला खारा वाराच हा, पण कोकणात मार्च-एप्रिलच्या दुपारी मिळतो त्याच्यापेक्षा खूपच जोरदार, १८ ते २५ नॉट (तासाला साधारण ३३–४६ किलोमीटर) ही इथे साधी दुपार धरतात. इथले लोक सॅन फ्रान्सिस्को एअरपोर्ट आणि सॅक्रामेंटो यांच्या हवेच्या दाबातला फरक बघतात, ३ मिलिबारच्या वर गेला की संध्याकाळी गाडी भरून तयार. एक मात्र लक्षात ठेवा, आत जितकं गरम तितका वारा जास्त असं सरळ गणित नाहीये. उष्णतेची लाट एवढी मोठी झाली की सॅन फ्रान्सिस्कोतही लोक टी-शर्टवर फिरायला लागले, की समजायचं गार हवेचा थर दबला, वारा गेला. शहरात स्वेटर आणि सॅक्रामेंटोत घाम, असा दिवस पाहिजे.

आता पाणी. मुंबईहून येणाऱ्या माणसाचा इथे हमखास अंदाज चुकतो आणि त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरच्या घरात जातो, आणि इथलं टाइडचं टेबल उघडलं की दीड-पावणेदोन मीटर दिसतात, त्यामुळे वाटतं की हे काय, काहीच नाही. पण उंची बघायची नाही, ओढ बघायची. एवढी मोठी खाडी आणि तिला समुद्राकडे तोंड एकच, जेमतेम दीड किलोमीटर रुंद. ओहोटीला सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर जातं आणि पुलाच्या आसपास प्रवाह ४–५ नॉटपर्यंत सहज जातो. वारा पडल्यावर बोर्डवर झोपून हाताने वल्हवून त्या प्रवाहाशी झुंजता येत नाही, कितीही ताकद असू दे. दुसरं म्हणजे भरती-ओहोटीची वेळ आणि प्रवाह उलटायची वेळ एक नसते, त्यामुळे नोआचं (अमेरिकेच्या सरकारी हवामान-समुद्र खात्याचं) करंट प्रेडिक्शनचं, म्हणजे प्रवाहाच्या अंदाजाचं, टेबल बघा, नुसतं उंचीचं नको. आणि इथे दिवसातल्या दोन भरत्या, दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक मोठी एक छोटी, त्यामुळे 'काल याच वेळेला ठीक होतं' यावर जाऊ नका.

तर क्रिसी फील्ड. जगात यापेक्षा देखणी विंडसर्फिंगची जागा असेल तर मी बघितलेली नाही. जुनं आर्मीचं विमानतळ होतं, आता नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यातल्या गोल्डन गेट नॅशनल रिक्रिएशन एरियाचा भाग आहे. ईस्ट बीचला गाडी लावली की हिरवळीवर रिग करायला (सेल-मास्ट जोडायला) जागा, वाळूचा किनारा, डावीकडे पूल, समोर अल्कट्राझ, पलीकडे मरीन काउंटीचे डोंगर. २०१३ चा अमेरिकाज कप (शिडाच्या बोटींची नामांकित शर्यत) याच पाण्यात झाला, ज्यात ओरॅकलची टीम न्यूझीलंडविरुद्ध ८–१ ने मागे पडून ९–८ ने जिंकली, सेलिंग करणाऱ्या माणसाला ते आठवून अंगावर काटा येतोच. दुपारी एक-दोनपर्यंत किनाऱ्याजवळ पाणी शांत असतं, मग पुलाकडून पाण्यावर गडद रेषा सरकताना दिसते, ती वाऱ्याची रेषा. त्या रेषेत शिरलात की ५.० किंवा ५.५ ची (चौरस मीटर) सेल लगेच भरते आणि पुलाच्या खांबाच्या दिशेने पहिला रीच (वारा बाजूने घेऊन सरळ धाव) मारताना जे वाटतं ते मी शब्दात सांगू शकणार नाही.

पण जागा अवघड आहे, खरंच अवघड आहे. ओहोटी असेल तर प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध, त्यामुळे लाटा उभ्या आणि वेड्यावाकड्या, अपविंड, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, जायला प्रवाह मदत करतो म्हणून मजा येते, पण याच वेळेला संध्याकाळी धुकं आत भरून वारा अचानक पडला तर तुम्ही पुलाखालून बाहेर, थेट पॅसिफिकमध्ये, आणि बाहेर पोटॅटो पॅच म्हणून उथळ पट्टा आहे तिथल्या लाटांत अडकायची वेळ कुणावर येऊ नये. भरती असेल तर प्रवाह आणि वारा दोन्ही शहराच्या बाजूला नेतात, पाणी सपाट होतं, अपविंड यायला जड जातं, पण काही तुटलं तरी तुम्ही मरीना ग्रीनला नाहीतर ॲक्वाटिक पार्कला किनाऱ्याला लागाल आणि सेल गुंडाळून चालत किंवा टॅक्सीने परत याल. फक्त एवढ्या एका कारणासाठी पाहुण्या माणसाने भरतीलाच जावं असं माझं ठाम मत आहे. त्यात कंटेनरची जहाजं. ती थांबू शकत नाहीत, वळू शकत नाहीत, आणि लांबून वाटतात त्यापेक्षा दुप्पट वेगाने अंगावर येतात. त्यांच्या पुढून क्रॉस करायचंच नाही, मागून जायचं, मागे वारा थोडा वेळ तुटतो तेवढी तयारी ठेवायची. किनाऱ्यापासून जवळच अनिता रॉक नावाचा खडक आहे, त्याच्यावर खूण आहे, भरतीच्या ओघात त्याच्यावर जाऊन आदळू नका.

आणि पाणी थंड. १२ ते १४ अंश. आपल्याकडे २७–२८ अंशांच्या पाण्यात शिकलेल्या माणसाला याची कल्पनाच येत नाही, पहिल्यांदा पडलात की श्वास अडकतो आणि अर्ध्या तासात बोटं बधिर होतात, मग जो वॉटर स्टार्ट (पाण्यात पडल्यावर सेलच्या ओढीने परत बोर्डवर चढणं) घरी डोळे मिटून जमायचा तो इथे पाच वेळा फसतो. ४/३ चा (अंगाला ४, हातापायांना ३ मिलीमीटर जाड) पूर्ण वेटसूट, बूट्स, हवं तर टोपी. वॉटर स्टार्ट आणि अपविंड जाणं दोन्ही पक्कं नसेल तर क्रिसी किनाऱ्यावरूनच बघा, वॉर्मिंग हटमध्ये कॉफी घ्या, फोर्ट पॉइंटपर्यंत चाला, घरच्यांनाही आवडेल. फक्त त्यांना जाड जॅकेट न्यायला सांगा, जुलै आहे म्हणून सुती कुडत्यावर आलेले आपले काका-काकू तिथे बाकावर कुडकुडताना मी दर उन्हाळ्यात बघतो.

कोयोटे पॉइंट ही माझी घरची जागा म्हणा हवं तर, पण नुसत्या जिव्हाळ्याने म्हणत नाहीये. सॅन मटेओ काउंटीचं पार्क आहे, एअरपोर्टपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटं, गेटवर गाडीची एन्ट्री फी घेतात आणि त्या बदल्यात पार्किंग, बाथरूम, झाडं, बाकं सगळं व्यवस्थित. निलगिरीची मोठी झाडी आहे, मुलांसाठी किल्ल्या-ड्रॅगनवालं खेळायचं मैदान आहे, क्युरिओडिसी नावाचं छोटं म्युझियम आहे, म्हणजे तुम्ही तीन तास पाण्यात असताना घरचे वैतागत नाहीत, आणि पाहुणा म्हणून आलेल्या माणसाच्या बाबतीत हा मुद्दा लहान नाहीये, संध्याकाळी कोण किती खूश आहे यावरच उद्या परत जायला मिळणार की नाही ते ठरतं.

वारा पश्चिम किंवा पश्चिम-वायव्येचा, दुपारी दोननंतर वाढत जातो, किनाऱ्याजवळ तुटक आणि झटक्यांचा, बाहेर गेलं की एकसारखा भरतो. म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं कंटाळवाणी जातात, धीर धरा, सेल लहान घेतली म्हणून पस्तावू नका, बाहेर तीच बरोबर वाटते. माझं वजन ७०–७५ च्या मधलं, मी जूनमध्ये ५.५, कधी ६.० लावतो, बोर्ड ९५–१०० लिटर. पाणी क्रिसीइतकं गार नाही, १६–१८ अंशांपर्यंत जातं, ३/२ चा सूट चालतो. डोक्यावरून विमानं उतरत असतात, जंबो जेटचं पोट एवढं खाली दिसतं की पहिल्यांदा बोर्डवरून लक्ष उडतं. धावपट्टीच्या बाजूला बोया लावलेल्या आहेत त्यांच्या आत चुकूनही जायचं नाही, तो सुरक्षा विभाग आहे आणि तिथे पाहुणा म्हणून सवलत मिळणार नाही.

माझ्या मापावर ही जागा का बसते? वारा पश्चिम-वायव्येचा असेल आणि काही मोडलं तर तुम्ही फॉस्टर सिटीच्या किनाऱ्याच्या दिशेने वाहत जाता, तिथे दगडांवर का होईना पण बाहेर येता येतं, वस्ती आहे, फोन लागतो. समुद्र कुठेच जवळ नाही. प्रवाह आहे पण क्रिसीसारखा नाही. पूर्ण पश्चिमेचा वारा असला तर मात्र तुम्ही खाडीच्या मध्याकडे जाल, म्हणून एकटे लांब जाऊ नका, बाकीचे जिथपर्यंत जातायत तिथपर्यंतच. आणि इथले लोक फार चांगले आहेत. पंचवीस-तीस वर्षं तिथेच सेल मारणारी मंडळी आहेत, किनाऱ्यावर उभं राहून विचारलंत की आज काय लावलंय, तर सेलची साइज तर सांगतातच, वर तुमच्या डाउनहॉलला (सेल खाली ताणणाऱ्या दोरीला) दोन इंच अजून ओढ पाहिजे हेही सांगतात आणि स्वतः येऊन ओढूनही देतात. पार्क सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतं, गेटवरची वेळ बघून ठेवा, वारा संध्याकाळी सहा-सातला सगळ्यात छान असतो आणि भान राहत नाही.

तिथून थोडं खाली, सॅन मटेओ पुलाच्या अलीकडे, थर्ड अव्हेन्यू. इथे वारा कोयोटेपेक्षा जास्त आणि लवकर मिळतो, ओहोटीला चॅनेलमध्ये छान गोल लाटा उठतात, उड्या मारणाऱ्यांची ही आवडती जागा. पण उतरायला दगड, ओहोटी खोल असली की चिखल, आणि काइटसर्फिंगवाल्यांची गर्दी. जाइब करून वळताना मागे-वर दोन्हीकडे बघायची सवय नसेल तर त्रास होतो. जमणाऱ्याने जरूर जावं, बाकीच्यांनी कोयोटेवर समाधान मानावं, फार काही गमावत नाही.

आता शर्मन आयलंड, ज्याच्याबद्दल लिहायला मी मगासपासून थांबलोय. पर्यटकांच्या यादीत हे नाव नसतं, तुमच्या इथल्या नातेवाइकांनाही माहीत नसेल. सॅक्रामेंटो नदी खाडीला मिळते त्या डेल्टाच्या तोंडाशी, रिओ व्हिस्टाच्या अलीकडे. साउथ बेहून ट्रॅफिक नसेल तर साधारण दीड तास, ॲन्टिओकचा पूल ओलांडून हायवे १६० ने जायचं, पुलाला टोल आहे. आठवड्याच्या दिवशी दुपारी तीननंतर निघालात तर हायवे ४ वर रखडाल, म्हणून एकतर सकाळी निघा नाहीतर शनिवार-रविवार.

किनाऱ्यावर सॅक्रामेंटो काउंटीचं साधं पार्क, फी आहे, आर.व्ही. (राहायची सोय असलेली गाडी) घेऊन आलेले लोक मुक्काम ठोकून असतात. आणि नदीच्या पलीकडे मॉन्टेझुमाच्या टेकड्यांवर शेकडो पवनचक्क्या. साताऱ्याहून ठोसेघर करून चाळकेवाडीच्या पठारावर गेलेल्या कुणालाही ते दृश्य ओळखीचं वाटेल, गवत फक्त पिवळं. इथे वारा आहे याचा अजून कुठला पुरावा नको. गोल्डन गेटमधून आत घुसलेली सगळी हवा कार्किनेझच्या चिंचोळ्या वाटेने दाबून इथून व्हॅलीत जाते, त्यामुळे जून-जुलैमध्ये २५ नॉट ही बातमी नसते, ३० पण नसते. ४.२ ते ५.० च्या सेल. आणि वेळही उलटी, पहाटे उजाडता उजाडता वारा सगळ्यात जोरात, मग ऊन चढलं की दुपारी मंदावतो, आणि संध्याकाळी परत येतो. म्हणून जमलं तर आदल्या रात्री तिथेच मुक्काम करायचा. सकाळी साडेपाचला सेलचा फडफडाट ऐकत थर्मासमधला चहा प्यायचा आणि सहाला पाण्यात.

पाणी गोडं आणि कोमट. जूनपासूनच २० अंशांच्या वर. क्रिसीला बोटं गोठलेला माणूस इथे येऊन पडला की त्याला सुटल्यासारखं वाटतं, शॉर्टीवर (आखूड वेटसूटवर) चालतं, भर ऑगस्टात काही जण नुसत्या शॉर्ट्सवर असतात. पडायची भीती गेली की माणूस नवीन गोष्टी करून बघतो. ज्यांची हार्नेसमध्ये (सेलला अडकवायच्या पट्ट्यात) पूर्ण वजन टाकून प्लेनिंग (पाण्याच्या पृष्ठभागावरून सुसाट जाणं) करायची भीती वर्षानुवर्षं जात नव्हती अशांची इथे दोन दिवसांत गेलेली मी बघितलीये, कारण चुकलं तर शिक्षा काय, तर कोमट पाण्यात डुबकी.

भरती-ओहोटी इथेही आहेच, नदी असली तरी. ओहोटीला नदी पश्चिमेला वाहते, वारा पश्चिमेकडून, म्हणजे आमनेसामने, त्यामुळे छान लांब लाटा उठतात आणि अपविंड जायला प्रवाहच ढकलतो. क्रिसीला ज्या ओहोटीपासून लांब राहा म्हणालो तीच इथे मागून घ्यावी अशी, कारण दोन्ही बाजूंना काठ आहे आणि वारा तुम्हाला नदीच्या वरच्या अंगाला ढकलतो, समुद्राकडे नाही. भरतीला मात्र दोन्ही एकाच दिशेला, आणि तुम्ही लाँचपासून (जिथून पाण्यात उतरलात त्या जागेपासून) वारा नेतो त्या बाजूला लांब-लांब जात राहता. काठाला लव्हाळ्याचं दाट बन आहे, त्यातून बोर्ड आणि सेल घेऊन बाहेर येणं भयंकर दमवतं, म्हणून लाँचच्या अपविंड बाजूला राहायचं आणि वाऱ्याबरोबर लांब जायला लागलोय असं वाटलं की लगेच परत. मधल्या खोल चॅनेलमधून मोठी जहाजं आणि बार्ज जातात, त्यांना पूर्ण वाट द्यायची. घरच्यांसाठी ही जागा नाही हेही स्पष्ट सांगतो. सावली कमी, ऊन कडक, संध्याकाळी डास, जवळपास खायला काही नाही. पोळीभाजीचे रोल, दहीभात, भरपूर पाणी, टोपी सगळं बरोबर घेऊन जायचं. घरच्यांना मात्र त्या दिवशी नापाच्या द्राक्षमळ्यांकडे पाठवा.

ज्यांना अजून नीट येत नाही, किंवा दहा वर्षांपूर्वी गोव्याला एनआयडब्ल्यूएसमध्ये (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्स) कोर्स केला आणि मग राहूनच गेलं, त्यांनी वरचं सगळं बाजूला ठेवा आणि अॅलामेडाच्या क्राउन बीचला जा. लांबलचक वाळू, पाणी इतकं उथळ की बरंच आत गेलं तरी कमरेएवढं, वारा बाजूने आणि थोडा किनाऱ्याकडे येणारा, म्हणजे काहीच जमलं नाही तरी तुम्ही आपोआप काठाला. फक्त ओहोटीला पाणी फार लांब जातं, तेव्हा भरतीच्या आसपासची वेळ धरा. माउंटन व्ह्यूचं शोरलाइन लेक त्याहून सोपं, छोटं खाऱ्या पाण्याचं तळं, गूगलच्या ऑफिसच्या बाजूला, तिथल्या बोटहाउसला आधी फोन करून विंडसर्फिंगचा बोर्ड त्या दिवशी मिळेल का विचारा. अपहॉल (सेल पाण्यातून ओढून उभी करणं), टॅक आणि जाइब (वळण्याचे दोन प्रकार) एवढं हाताला लागेपर्यंत हे बरं, पण वारा झाडा-इमारतींनी तुटतो, दोन दुपारींत कंटाळा येईल.

बर्कलीच्या कॅल सेलिंग क्लबबद्दल मात्र मनापासून लिहायचंय. पूर्ण स्वयंसेवी क्लब आहे, नफा नाही, पगारी शिक्षक नाहीत, मेंबरच मेंबरांना शिकवतात. तीन महिन्यांची मेंबरशिप घ्यायची, त्यात डिंगी (छोटी शिडाची बोट) आणि विंडसर्फिंग दोन्ही शिकणं आणि क्लबचं सामान वापरणं आलं, बदल्यात थोडं काम करायचं, कुणी फाटलेली सेल शिवतं, कुणी फायबरचं दुरुस्तीकाम करतं. मुलांकडे दोन-तीन महिने राहायला आलेल्या माणसाला याच्याइतकं योग्य दुसरं काही नाही, एकट्याने भाड्याने सामान घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं आणि मुख्य म्हणजे ओळखी होतात. काही रविवारी ओपन हाउस असतं, तेव्हा जाऊन बोटीत बसून बघता येतं. तक्रार करायची तर एवढीच की सामान सगळ्यांच्या हातातलं, त्यामुळे वापरलेलं दिसतं, आणि पातळीप्रमाणे परवानगी मिळते, पहिल्याच दिवशी मोठ्या वाऱ्याची सेल देणार नाहीत. मला ती शिस्त बरोबरच वाटते. बर्कलीचं पाणी गोल्डन गेटच्या अगदी सरळ रेषेत, वारा किनाऱ्याकडे येणारा, म्हणून सुरक्षित, पण उथळ असल्यामुळे लाटा आखूड आणि खडबडीत, गुडघे दुखतात, आणि उतरायचं डॉकवरून, वाळू नाही. झाल्यावर फोर्थ स्ट्रीटला विक्स चाटमध्ये जा. वेटसूटमधून निघालेल्या माणसाला गरम चाट आणि चहा मिळणं ही त्या संध्याकाळची निम्मी कमाई.

सांताक्रूझच्या वर वॅडेल क्रीक आहे, लोक फोटो बघून विचारतात. ती लाटांवरची जागा आहे, उघडा पॅसिफिक, खडक, शेजारी आन्यो नुएवोला एलिफंट सील आणि त्यामुळे पांढऱ्या शार्कचा वावर. हायवे १ वर गाडी लावून उस्ताद लोकांना उड्या मारताना बघा, मुलांना घेऊन जा, सुंदर दुपार जाते. उतरू नका.

राहिलं सामान. भारतातून मास्ट आणायचा विचार सोडा, विमानात तो नेणं म्हणजे डोकेदुखी आणि खर्च. हार्नेस, बूट्स आणि वेटसूट स्वतःचे असले तर आणा, अंगाला बसणारा सूट भाड्याने मिळेलच असं नाही. शिकण्याचं सामान भाड्याने मिळतं, पण मोठ्या वाऱ्याचं, म्हणजे ९५ लिटरचा बोर्ड आणि ४.५–५.५ च्या चांगल्या सेल, ते सहज मिळत नाही, बरीचशी दुकानं आता विंगफॉइलकडे (हातात पंख धरून करायच्या नव्या खेळाकडे) वळलीयेत. महिनाभर राहणार असाल तर जुनं सामान विकत घेऊन जाताना विकणं परवडतं, क्रेग्सलिस्टवर (जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या साइटवर) चांगलं मिळतं, सॅन फ्रान्सिस्को बोर्डसेलिंग असोसिएशनच्या साइटवर प्रत्येक लाँचची माहितीही आहे, ती वाचूनच या.

भाड्याने घेतलंत तर काउंटरवरच तीन गोष्टी हाताने तपासा, बघून नाही. हार्नेस लाइन्सची आतली दोरी विरलीये का, मास्ट बेसच्या रबराला वाकवल्यावर चीर दिसते का, आणि फिनचा स्क्रू पूर्ण बसतो का. मला एका ठिकाणी, नाव घेत नाही, रबराला बोटभर चीर असलेला बेस दिला होता आणि 'अजून चालेल' म्हणाले, मी बदलून मागितला, तेव्हा मागून दुसरा काढून दिला. मागितलं की देतात, फक्त मागावं लागतं. हार्नेसच्या खिशात पाच फूट बारीक दोरी आणि शिट्टी ठेवा, आणि क्रिसीला जाणार असाल तर वॉटरप्रूफ व्हीएचएफ रेडिओ, चॅनेल १६ वर कोस्ट गार्ड ऐकतं. तो क्लबमधल्या कुणाकडून एका दिवसापुरता मागून घेता येतो, कोयोटेच्या पार्किंगमध्ये विचारलंत तरी कुणीतरी देईल.